पांडुरंग सदाशिव खानखोजे : थंड पठारावरील कृषिसाधना

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
• पांडुरंग खानखोजे यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• थंडी, हिम आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांचा पेरणीवर व वाणनिवडीवर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• क्रांतिकार्य आणि कृषिसंशोधन यांचा त्यांच्या जीवनातील संबंध उलगडून दाखवता येईल.
• चरित्रलेखनात परिसर व हवामान यांना असलेले स्थान ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शहाद्याहून तोरणमाळकडे निघाले की वाटेत म्हसावद लागते. येथून पुढे सातपुड्याची चढण जवळ येते आणि हवेतला फरक जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीतील पहाटे या परिसरात केळी व पपईच्या बागा राखणाऱ्या शेतकऱ्याला थंडी कशी असते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तापमान दहा-बारा अंशांखाली जाऊ लागले की केळीची वाढ थबकते आणि पपईची फळे मंदावतात. अशा वेळी बांधावर शेकोट्या पेटतात, रात्री पाणी भरले जाते. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. आणखी वर, अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात एखाद्या हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्याही आपण वाचतो. त्याच गारव्याचा आधार घेऊन तेथील शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीची लागवड केली. एकच थंडी खालच्या बागेत नुकसान करते आणि वरच्या शेतात उत्पन्न देते.

हा अनुभव मनात ठेवून आपणांस एका मराठी माणसाचे जीवन अभ्यासायचे आहे. विदर्भाच्या कडक उन्हात वाढलेला हा माणूस पुढे बर्फाच्या प्रदेशात शेती शिकला आणि दोन हजार मीटरहून उंच अशा पठारावर मका व गहू यांचे संशोधन करीत राहिला. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. क्रांतिकारक म्हणून ते अनेकांना ठाऊक आहेत. कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख त्या मानाने कमी आहे. या घटकात आपण या दोन्ही ओळखी एकत्र पाहणार आहोत.

२. वर्ध्यापासून समुद्रापार

खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. विद्यार्थिदशेतच त्यांच्यावर राष्ट्रीय चळवळीचा प्रभाव पडला. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेली ती पिढी होती. परकीय सत्ता सशस्त्र लढ्यानेच हटेल आणि त्यासाठी लष्करी शिक्षण घ्यायला हवे, अशी त्यांची धारणा बनली. हे शिक्षण पारतंत्र्यातील देशात मिळणे शक्य नव्हते. म्हणून १९०६च्या सुमारास त्यांनी देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले.

तेथे पडेल ते काम करून त्यांनी शिक्षण चालू ठेवले. कॅलिफोर्नियातील माउंट तामाल्पाइस येथील सैनिकी विद्यालयात त्यांनी लष्करी शिक्षण घेतले. त्याच काळात ते शेतीशास्त्राकडेही वळले. क्रांतीसाठी घर सोडलेल्या तरुणाने शेती का निवडावी, असा प्रश्न आपणांस पडेल. याचे उत्तर त्यांच्या बालपणीच्या परिसरात शोधता येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांत, मध्य प्रांत व वऱ्हाड यांनी भीषण दुष्काळ अनुभवला होता. त्या वेळी खानखोजे किशोरवयात होते. भुकेल्या माणसाचे स्वातंत्र्य अपुरे असते, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व कार्यात दिसते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गिरण्यांत आणि शेतांत त्या काळी बरेच पंजाबी मजूर काम करीत. त्यांना संघटित करण्याच्या प्रयत्नांत खानखोजे पुढे होते. १९१३ साली आकाराला आलेल्या गदर पक्षाच्या प्रारंभीच्या कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते.

३. पुलमन : बर्फाखालचा गहू

ऑरेगनमधील शिक्षणानंतर खानखोजे यांनी वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयात शेतीशास्त्राचा अभ्यास केला. हा प्रदेश आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण थंडी आणि पीक यांचे नाते येथे अगदी उघडे दिसते. पुलमनच्या भोवती मऊ मातीच्या लाटांसारख्या टेकड्या आहेत. उन्हाळा कोरडा असतो. पिकाला लागणारी ओल प्रामुख्याने हिवाळ्यातील पाऊस व बर्फ यांतून मिळते. म्हणजे ही एका अर्थी कोरडवाहू शेतीच, फक्त ओल देणारा ऋतू वेगळा.

तेथे गहू शरद ऋतूत पेरतात. तो उगवतो, चार पाने धरतो आणि मग बर्फाखाली जातो. आपल्याला वाटेल की बर्फाने रोप मरावे. प्रत्यक्षात बर्फाचा जाड थर गोधडीसारखे काम करतो. बाहेरची हवा कितीही थंड असली तरी थराखालील जमीन तितकी थंड होत नाही. उघड्या जमिनीवरील रोपाला खरा धोका असतो. शिवाय हिवाळी गव्हाला काही आठवडे थंडी मिळाल्याखेरीज त्याची ओंबीच नीट येत नाही. थंडी त्याच्या जीवनक्रमातील एक आवश्यक पायरी असते. हाच गहू उबदार प्रदेशात पेरला तर तो हिरव्या गवतासारखा वाढत राहतो आणि शेतकऱ्याच्या हाती दाणा येत नाही.

पुलमनला संशोधनाची परंपराही होती. विल्यम स्पिलमन या प्राध्यापकाने १८९९ सालापासून तेथे गव्हाच्या जातींचे संकर केले होते. थंडी सोसणारा आणि दाणे न झडणारा हिवाळी गहू तयार करणे हा त्याचा हेतू होता. त्या प्रयोगांतून आनुवंशिकतेचे जे नियम त्याच्या हाती आले, ते ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून आधीच मांडलेले होते; पण स्पिलमन त्यांच्यापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचला. तो १९०२ मध्ये पुलमन सोडून गेला. खानखोजे त्यानंतर काही वर्षांनी तेथे आले. हव्या त्या गुणांचे दोन वाण एकत्र आणून नवे वाण घडवता येते, हे ज्ञान त्या वेळी नवे होते, आणि ते जेथे शेताला लागून वाढत होते अशा ठिकाणी त्यांना शिकायला मिळाले.

४. खंड पडलेली वर्षे

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि खानखोजे यांचे शिक्षण बाजूला पडले. इंग्रज युद्धात गुंतलेले असताना भारताच्या पश्चिम सीमेवरून उठाव करता येईल, अशी क्रांतिकारकांची योजना होती. तुर्कस्तान व इराणमार्गे खानखोजे बलुचिस्तानच्या सीमाभागापर्यंत पोहोचले. तेथील लढायांत ते जखमी झाले आणि पुढे भटक्या जमातींच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले. योजना फसली. युद्धानंतर ते बर्लिनला गेले. १९२१ मध्ये इतर भारतीय क्रांतिकारकांसह मॉस्कोलाही जाऊन आले. मदतीची आशा तेथेही फळाला आली नाही.

या काळाचा विचार करताना आपण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खानखोजे यांचे वय आता चाळिशीकडे झुकले होते. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे मायदेशी परतण्याचा मार्ग बंद होता. हातात सत्ता नव्हती, पैसा नव्हता, सैन्य नव्हते. जे होते ते शेतीचे ज्ञान. ते घेऊन १९२४ साली ते मेक्सिकोत आले.

५. मेक्सिकोचे पठार

मेक्सिकोची निवड योगायोगाची नव्हती. १९१० साली तेथे मोठी क्रांती सुरू झाली होती आणि १९१७च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गावांना देण्याचा मार्ग खुला केला होता. कॅलिफोर्नियातील वास्तव्यात खानखोजे यांच्या मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळखी झाल्या होत्या. त्या उपयोगी पडल्या आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले.

चापिंगो हे मेक्सिको शहराजवळ, तेश्कोको या गावालगत आहे. नकाशावर त्याचा अक्षांश साधारण साडेएकोणीस अंश उत्तर असा आहे. म्हणजे ते आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या किंचित दक्षिणेला आणि म्हसावदच्या बरेच दक्षिणेला येते. मग तेथे उष्णता अधिक हवी. पण चापिंगोची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २२५० मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखर १६४६ मीटरचे, हे आठवले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. उंची एक किलोमीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून उष्ण कटिबंधात असूनही त्या पठारावर हिवाळ्यात हिम पडते.

हे हिम समजून घेताना आपला सातपुड्याखालचा अनुभव उपयोगी पडतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल त्या रात्री जमीन आपली उष्णता वेगाने आकाशाकडे सोडते. गार झालेली हवा जड असते. ती उतारावरून ओघळून सखल भागात साचते. म्हणून एकाच गावात टेकाडावरचे पीक वाचते आणि खोलगट शेतातील पीक करपते. पानांतील पाणी पेशींच्या बाहेर गोठू लागले की ते पेशींतील पाणी ओढून घेते. सकाळी ऊन पडल्यावर पान भाजल्यासारखे दिसते. खरे पाहता ते आतून सुकलेले असते.

त्या पठारावरील शेतकऱ्याचे सारे वर्ष दोन तारखांमध्ये अडकलेले असते : वसंतातील शेवटचे हिम आणि शरदातील पहिले हिम. पाऊस मे-जूनमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरपर्यंत ओसरतो. पावसाची वाट पाहून उशिरा पेरले, तर दाणा भरण्याच्या आत पहिले हिम येते. फार लवकर पेरले, तर कोवळी रोपे शेवटच्या हिमात सापडतात. म्हणून तेथील शेतकरी जमिनीत उरलेल्या ओलीवर, बियाणे खोल टोकून, पावसाआधीच मका लावत आले आहेत. मक्याच्या लहान रोपाचा वाढीचा कोंब काही काळ जमिनीखालीच असतो. त्यामुळे वरची पाने हिमाने गेली तरी रोप पुन्हा फुटू शकते. पेरणीच्या वेळेचे हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले होते. खानखोजे यांच्यासारख्या प्राध्यापकाला शिकवण्याइतकेच शिकणेही तेथे आवश्यक होते.

६. मका आणि त्याचा रानटी सोयरा

मका, मिरची आणि पपई ही तिन्ही पिके आज नंदुरबार जिल्ह्याची म्हणून ओळखली जातात; पण त्यांचे मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेचा प्रदेश हे आहे. त्यांतील मिरची व पपई उबदार सखल भागातील, म्हणून आपल्या थंडीत त्या कुरकुरतात. मक्याने मात्र डोंगर चढला. तो कसा चढला, याचे उत्तर तेओसिंते या रानटी गवतात आहे. हा शब्द नाहुआत्ल भाषेतील असून त्यात देव आणि मक्याचे कणीस या अर्थाचे दोन शब्द एकत्र आले आहेत. ज्या समाजाने रानगवताला देवाचा मका म्हटले, त्याला या दोन वनस्पतींचे नाते शास्त्रज्ञांच्या आधी उमगले होते, असे भाषेच्या अभ्यासकाला म्हणावेसे वाटते.

चाल्को व तेश्कोको परिसरातील मक्याच्या शेतांत तेओसिंते तणासारखे उगवते. त्याच्या खोडावरील पानांची आवरणे केसाळ आणि लाल-जांभळी असतात. गडद रंग सकाळचे ऊन अधिक शोषतो आणि केस उष्णता धरून ठेवतात. पठारावरील मक्याच्या स्थानिक जातींतही हीच लक्षणे दिसतात. या रानटी सोयऱ्याशी झालेल्या नैसर्गिक संकरातून पठारावरच्या मक्याला थंडीशी जुळवून घेण्याचे गुण मिळाले, हे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी दाखवले आहे.

खानखोजे यांच्या काळी जनुकांचे असे वाचन शक्य नव्हते. तरीही त्यांनी नेमका हाच धागा हाती धरला. त्यांनी मका आणि तेओसिंते यांचे संकर केले व मक्याच्या नव्या जातींवर काम करून ते स्पॅनिश भाषेतून प्रसिद्ध केले. अनेक कणसे धरणाऱ्या मक्यावरील त्यांचा अभ्यास विशेष गाजला. गव्हाच्या बाबतीत दुष्काळ व रोग यांना तोंड देतील अशी वाणे त्यांनी शोधली. त्यांच्या मक्याची छायाचित्रे तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार स्त्रीने काढली होती.

७. मोफत शेतकी शाळा

संशोधन प्रयोगक्षेत्रात राहिले तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. क्रांतीनंतर मेक्सिकोत ज्यांना जमीन मिळाली, त्यांतील बहुतेक जण पूर्वी दुसऱ्यांच्या मळ्यावर राबणारे होते. जमीन हाती आली तरी बियाण्याची निवड, खताचा वापर, पाण्याची व्यवस्था यांचे निर्णय त्यांनी पूर्वी घेतलेले नव्हते. या लोकांसाठी खानखोजे यांनी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. येथे शुल्क नव्हते, प्रवेशाला पूर्वशिक्षणाची अट नव्हती, आणि शिक्षण शेतातच दिले जाई. शिकणारे प्रौढ होते. दिवसभराच्या कामातून वेळ काढून ते येत.

मित्रहो, मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणून हे वर्णन आपणांस ओळखीचे वाटेल. दिवसा शेतात, दुकानात वा घरकामात आणि रात्री पुस्तकासमोर, अशी आपल्यापैकी अनेकांची दिनचर्या आहे. वय झाले म्हणून शिकण्याचा हक्क संपत नाही, हा विचार त्या शाळांच्या पायाशी होता.

चित्रकार दिएगो रिवेरा यांचा या शाळांना पाठिंबा होता. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत १९२८च्या सुमारास त्यांनी एक भित्तिचित्र रंगवले. त्यात मेजाच्या मध्यभागी बसलेला एक माणूस सर्वांसाठी भाकरी मोडून देत आहे. त्या चेहऱ्यात खानखोजे यांचे रूप आहे, असे मानले जाते.

८. परतीचा प्रवास

१९३६ साली खानखोजे यांनी झान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. संसार, मानसन्मान, काम, सारे काही मेक्सिकोत होते; मन मात्र भारताकडे लागलेले होते. पारतंत्र्याच्या काळात त्यांना मायदेशी येण्याची परवानगी मिळाली नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, ते भारतात आले. चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. पुढे ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

येथे एक गल्लत टाळायला हवी. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि त्यातून आपल्याकडील हरितक्रांतीला वेग आला. ते वाण नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले होते, खानखोजे यांनी नव्हे. बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत आले. थंड व उंच तोलुका आणि समुद्रसपाटीजवळील उबदार सोनोरा अशा दोन ठिकाणी वर्षातून दोनदा गहू पेरून त्यांनी वेगवेगळ्या हवामानांत टिकणारी जात तयार केली. मात्र त्यांच्या कितीतरी आधी, त्याच पठारावर, एका मराठी संशोधकाने गहू आणि मका सुधारण्यासाठी वीस वर्षे दिली होती. एकाचे श्रेय दुसऱ्याला देण्याची गरज नाही. दोघांचे स्थान आपापल्या जागी आहे.

२०२२ साली चापिंगो विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण भारताच्या लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते झाले. वीणा गवाणकर यांनी मराठीत आणि कन्या सावित्री सॉहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आहे.

९. समारोप

खानखोजे यांच्या जीवनाकडे पाहताना बंदूक टाकून त्यांनी नांगर हाती घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अर्धवट आहे. परकीय सत्तेपासून मुक्ती आणि भुकेपासून मुक्ती ही दोन्ही त्यांच्या लेखी एकाच कार्याची अंगे होती. पहिल्या प्रयत्नात त्यांना अपयश आले. दुसऱ्यात यश आले, पण ते दुसऱ्या देशाच्या मातीत. आपल्या गावच्या शेतकऱ्यासाठी जे करायचे होते, ते त्यांनी परक्या गावच्या शेतकऱ्यासाठी केले. या जीवनातील सल आणि मोठेपणा दोन्ही येथेच आहेत.

त्यांच्या कामाचा आजही उपयोगी पडणारा धडा असा की, हवामान बदलता येत नाही, पण त्याच्याशी जुळणारी वेळ आणि त्याला सोसणारे बियाणे निवडता येते. ही निवड शेतकऱ्याच्या निरीक्षणातून सुरू होते. आपल्या शिवारात कोणत्या खोलगट भागात गारठा साचतो, कोणते झाड थंडीत तग धरते, गव्हाला फुटवे कधी येतात, याची नोंद ठेवणारा शेतकरी संशोधनाच्या पहिल्या पायरीवर उभा असतो. मराठीत हिव, गारठा, कडाका, दहिवर असे थंडीचे वेगवेगळे शब्द आहेत. प्रत्येक शब्दामागे कोणाचे तरी असे निरीक्षण आहे. ते शब्द जपणे हाही या विषयाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. चापिंगो म्हसावदपेक्षा दक्षिणेला असूनही तेथे हिम का पडते, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. पुलमन येथील हिवाळी गव्हाला बर्फाचा आणि थंडीचा कोणता उपयोग होतो?
३. मुक्त कृषिशाळांची वैशिष्ट्ये सांगून त्यांची मुक्त शिक्षणाशी तुलना करा.
४. खानखोजे यांचे क्रांतिकार्य व कृषिकार्य यांतील संबंध सोदाहरण स्पष्ट करा.

उपक्रम

आपल्या गावातील एखाद्या वयोवृद्ध शेतकऱ्याला भेटून थंडी, दव आणि पिके यांविषयीचे स्थानिक बोलीतील शब्द गोळा करा. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि तो कोणत्या प्रसंगी वापरला जातो, याची दोन पानी नोंद तयार करा.